कोरड्या भिंतीचे कारण

द्वारका, नवी दिल्ली, ११ मे २०२५

स्वरूपा,

मायन्याच्या जागी नुसते नाव लिहिले आहे. 'चिरंजीव' लिहावे आणि खाली आशीर्वाद द्यावेत, असा संबंध आपल्यात सध्या आहे की नाही, हे तू ठरवायचे आहेस. चौदा महिने तू माझा फोन घेतलेला नाहीस. तेव्हा मी तो संबंध गृहीत धरणे योग्य नव्हे. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या आईला ठाऊक आहे, मला नाही. पाकिटावर तो तीच लिहील, आणि चिकटवण्यापूर्वी पत्र वाचीन असे तिने मला बजावले आहे.

प्रथम एक कबुली. तुझ्या टेबलाच्या खणात राहिलेला जुना लॅपटॉप मी तुला न विचारता उघडला. पासवर्ड शोधावा लागला नाही. तो तू चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवला होतास. त्यात यंत्रांच्या उष्णतेचे गणित करणारे ते सॉफ्टवेअर आहे, विद्यार्थ्यांना फुकट मिळते ती लहान आवृत्ती. आणि तू नोकरीला होतीस त्या फरीदाबादच्या कारखान्यातल्या बॅटरीच्या कपाटाचे, तू घरी सरावासाठी केलेले, छोटे मॉडेल आहे. ते चालवायला मी शिकतो आहे. कारण विचारशील तर: कुतूहल.

तेच कपाट गेल्या जूनपासून आपल्या सोसायटीच्या तळघरात उभे आहे, हे तुला आईने सांगितले असेल. गच्चीवरच्या सौर तक्त्यांवर ते दिवसभर भरते. वीज गेली की चारही इमारतींच्या लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यांतले दिवे त्यावर चालतात. थंडीत धुरक्यामुळे जनरेटरवर बंदी येते, म्हणून सर्वसाधारण सभेत ते घेण्याचा ठराव आला. अनुमोदन मी दिले. ज्या अहवालावर माझ्या मुलीची सही आहे, त्यावर शंका घेण्यास मला आधार दिसत नाही, असे मी म्हणालो. टाळ्या पडल्या. आपल्या इमारतीत अठ्ठेचाळीस घरे त्या कपाटाच्या बरोबर वर राहतात. ते पेट घेण्याचा संभव आहे की नाही, एवढेच मला स्वतः पडताळून पाहायचे आहे.

पहिल्या दिवशी मी माऊसचे चाक फिरवले आणि कपाट पडद्यावरून नाहीसे झाले. अर्धा तास शोधले. मग 'नव्यांसाठी' नावाची तुझी टिपणांची फाइल सापडली. तू कारखान्यात नव्याने येणाऱ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली. तिचे पहिलेच वाक्य असे: "मॉडेल हरवलं? घाबरू नका. ते कुठे जात नाही, तुम्ही गेलेले असता. 'फिट'चं बटण दाबा."

दाबले. कपाट परत आले.

ब. वि. दाबके


१६ मे

स्वरूपा,

उत्तर आले नाही. अपेक्षितही नव्हते.

पडद्याच्या डावीकडे जी यादी असते, जिला तुम्ही 'ट्री' म्हणता, तिची आणि माझी ओळख लगेच पटली. कपाट, त्यातले बॅटरीचे सहा खण, प्रत्येक खणातून निघणारी उष्णता, पंखे, हवा आत येण्याची जाळी, बाहेर पडण्याची जाळी, बाहेरचे तापमान. ही गृहीतकांची यादी आहे. मधले रंगीत चित्र लोकांचे डोळे दिपवण्यासाठी; निष्कर्ष निघतो तो या यादीतून. पाच वर्षे पाठशाळेत न्यायशास्त्र घोकल्यावर आणि बत्तीस वर्षे मंत्रालयात कायद्यांचे मसुदे तपासल्यावर मला एवढे एकच काम येते: वाक्य बाजूला ठेवून ते कशावर उभे आहे ते पाहणे. तुझे टिपण सांगते: "यादीतली टिक काढली तरी वस्तू चित्रात फिकट दिसत राहते. दिसते म्हणून मोजली जाते असं समजू नका." मी सर्व टिका तपासल्या. सर्व होत्या. बाहेरचे तापमान तू पंचेचाळीस धरले आहेस. आळशी माणसाने पंचवीस धरले असते.

मग मी निकालाचे चित्र उघडले, आणि माझा हात माऊसवरून उडाला. मधले चार खण लालभडक होते.

तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग खुर्ची का पाडलीत?"

खुर्ची पडल्याचे मला कळले नव्हते. मी चप्पल घालून खाली गेलो, तळघराच्या उतारापाशी उभा राहिलो आणि काही न करता वर आलो. आत का गेलो नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. वर येऊन तुझे टिपण पुढे वाचले. "लाल म्हणजे गरम नव्हे. लाल म्हणजे या चित्रातलं सगळ्यात गरम. रंगांची वाटणी मशीन आपली आपण करतं. बर्फाचं मॉडेल केलंत तरी काहीतरी लाल दिसणारच. बाजूची पट्टी वाचा, आकडा वाचा." मी आकडा वाचला. त्रेपन्न. त्याच्या खाली तुझी मर्यादा: "साठच्या आत ठीक. साठच्या वर गेलं तर मला फोन करा. मेल नको, फोन."

आईने हे माझ्या खांद्यावरून वाचले. "मुलीनं लिहून ठेवलंय ना, फोन करा म्हणून? मग करा की."

"ते नव्या कर्मचाऱ्यांसाठी आहे."

"आणि तुम्ही कोण? जुने?"

त्रेपन्न साठपेक्षा कमी आहे. तेव्हा प्रश्न मिटला, असे मानण्यास हरकत नसावी.

ब. वि. दाबके


२२ मे

स्वरूपा,

प्रश्न मिटलेला नाही.

पहिल्या पत्रात मी कारण म्हणून 'कुतूहल' लिहिले. ते असत्य होते. खरे कारण ९ मेचे आहे. यंदाच्या गणपतीसाठी मखराची मापे घ्यायला मी तळघरात गेलो होतो. मंडळाचे सामान, म्हणजे मखराच्या प्लायवूडच्या फळ्या, पडदे, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, गेल्या सप्टेंबरपासून तिथे ठेवलेले असते. ती जागा मंडळाचा अध्यक्ष म्हणून मीच मिळवली. पावसाळ्यात आपल्या तळघराच्या प्रत्येक कोपऱ्याला ओल धरते. गेल्या पावसाळ्यापासून ही एकच भिंत कोरडी. पडदे कुजू नयेत म्हणून मी समितीशी तीन सभा भांडलो. वाकताना आधारासाठी मी त्या भिंतीवर हात टेकला. भिंत गरम होती. करोल बागेतल्या भाड्याच्या घरात, टायफॉइडमध्ये, तुझे कपाळ लागे तशी.

त्या भिंतीच्या पलीकडे बॅटरीच्या कपाटाची खोली आहे.

मी कारखान्याला ईमेल केला. उत्तर दोन ओळींचे: गणित 'कन्व्हर्ज' झालेले आहे आणि त्यांच्या त्या वेळच्या प्रमुख अभियंत्याची त्यावर सही आहे. म्हणजे तुझी. तुझ्या सहीविषयीच्या शंकेला त्यांनी तुझ्याच सहीने उत्तर दिले. यात तर्कदोष आहे हे मी त्यांना कळवले. त्यावर उत्तर नाही. सोसायटीचा सेक्रेटरी प्रसन्न यालाही विचारले. तो म्हणाला, "काका, टेन्शन काय घेताय यार? बिल्कुल सेफ आहे. तुम्हीच तर सभेत बोलला होतात!"

'कन्व्हर्ज' या शब्दाने मीही फसलो होतो, हे नोंदवतो. गणित सुरू केले की पडद्यावर काही रेषा नागमोडी उतरत जातात, मग सपाट होतात, आणि यंत्र जाहीर करते की उत्तर स्थिरावले. ते पाहून मला सिद्धता हाती आल्याचे समाधान झाले. एक दिवस टिकले. स्थिरावले याचा अर्थ एवढाच की दिलेल्या गृहीतकांतून निघणारे उत्तर आता हलत नाही. गृहीतके खरी आहेत की खोटी, हे यंत्र विचारीत नाही. 'अनुमान निर्दोष असणे वेगळे आणि निष्कर्ष सत्य असणे वेगळे', हे वाक्य मी तुला आठवीत असताना पाठ करायला लावले होते.

त्यावरून गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तो रविवार आठवला. तू जेवणाच्या टेबलावर अहवाल ठेवून बसली होतीस. शेवटी गृहीतकांचे एक वेगळे पान होते. कारखान्याला ते काढून हवे होते, कारण ते वाचून गिऱ्हाईक बिचकते. तू म्हणालीस, "बाबा, मागची जाळी उघडी आहे असं मी धरलंय. ती उघडी राहील असं मला कुणी लिहून देत नाही. निदान त्या पानावर तरी राहू दे." मी म्हणालो की तुझे विधान 'जर–तर' स्वरूपाचे आहे. जाळी उघडी असेल, तर कपाट सुरक्षित आहे. जाळी उघडी ठेवायची असते हे उघड आहे. उघड गोष्ट लिहिण्याची गरज नाही. आणि उद्या कोणी 'जर' मोडला, तर दोष मोडणाऱ्याचा, विधान करणाऱ्याचा नव्हे. तू म्हणालीस, "तसं असेल. पण मला बरं वाटत नाहीये." मी म्हणालो, बरे न वाटणे हा हेतू, म्हणजे शास्त्रातले कारण, नव्हे. अर्ध्या तासाने तू ते पान काढलेस आणि सही केलीस. उठताना म्हणालीस, "तुम्ही बरोबर असता बाबा. त्याचाच त्रास आहे."

महिन्याभरात तू नोकरी सोडलीस. मी त्याला पळ काढणे म्हणालो.

एक तात्त्विक प्रश्न. बाहेर पडण्याच्या जाळीसमोर काही वस्तू उभी असेल, तर तुझ्या मॉडेलमध्ये ती कशी दाखवावी? प्रश्न केवळ अभ्यासासाठी आहे.

ब. वि. दाबके


२६ मे, सोमवार

स्वरूपा,

तुझ्या टिपणात उत्तर सापडले. नवा ठोकळा काढायचा, त्याला लाकडाचे गुण द्यायचे, आणि तो जाळीला चिकटवून ठेवायचा. मला चार तास लागले. ठोकळा दोनदा जमिनीखाली गेला, एकदा कपाटाच्या पोटात शिरला. मग नीट बसला.

गणित दुपारी पूर्ण झाले. चित्र पूर्वीसारखेच आले. तेच चार खण लाल, तेच दोन पिवळे, कडेला तोच हिरवा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली. डोळ्याला फरक दिसत नाही.

अधिक लिहिण्यासारखे आज काही नाही. उष्मा फार आहे. आईची तब्येत ठीक.

ब. वि. दाबके


२९ मे

स्वरूपा,

काल फोनवर तू जे बोललीस ते मी ऐकले. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तुला न दिसलेली बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे.

सोमवारच्या पत्रातले प्रत्येक वाक्य खरे होते. चित्र पूर्वीसारखेच आले होते. आकडा पूर्वीसारखा नव्हता. रंगांची वाटणी मशीन आपली आपण करते, हे मी तुझ्याकडूनच शिकलो होतो. तरीही चित्रे सारखी दिसताच मी खुर्चीत मागे टेकलो आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पट्टी वाचली. पूर्वी जिथे त्रेपन्न होते तिथे आता अठ्ठ्याहत्तर होते. मग मी तुला 'डोळ्याला फरक दिसत नाही' असे लिहिले. शास्त्रात याला छल म्हणतात. शब्द खरे ठेवून ऐकणाऱ्याला फसवणे. पाठशाळेत असताना धाकट्या मुलांचे मी त्यासाठी कान पिळले आहेत.

त्या जाळीची हकीकतही मी दडवली. भिंतीत जाळी आहे हे मला सप्टेंबरपासून माहीत होते. ती कपाटाची मागची जाळी आहे हे माहीत नव्हते; तळघरांना असतात तसा हा एखादा झरोका असावा, असे मी धरले. त्यातून धूळ येऊन पडदे मळतील, म्हणून मखराच्या फळ्या मी माझ्या देखरेखीखाली जाळीला घट्ट लावून घेतल्या. मजुराने बोटभर फट ठेवली होती. ती मी दुमडलेल्या पडद्याने बुजवली. भिंत कोरडी का, हे मी नऊ महिन्यांत एकदाही विचारले नाही. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षापासून येते, त्याने म्हातारपणी धुराला पाठ टेकून त्याची ऊब कापडासाठी सोयीची मानली.

'जर' मोडणारा मी होतो. आणि तो मोडू नये असे सांगणारे पान काढायला लावणाराही मीच.

सोमवारी दुपारी मला हे सर्व कळले. तळघर तीन मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. कदाचित लाकडाचे गुण चुकीचे दिले असतील, म्हणून सोमवारी गणित पुन्हा केले. कदाचित ठोकळा जाड असेल, म्हणून मंगळवारी पातळ करून केले. सत्त्याहत्तर आले. मी त्याला काटेकोरपणा म्हणत होतो. प्रत्यक्षात, आकडा खोटा ठरेपर्यंत मला खाली जायचे नव्हते, कारण खाली गेलो तर का आलो हे सांगावे लागले असते. मंगळवारी संध्याकाळी इमारतीतली मुले तळघरात सायकली फिरवत होती. त्यांचे आवाज गॅलरीतून ऐकू येत होते. मी गॅलरीचे दार लावून घेतले.

हे वाक्य आई वाचणार आहे. तिने वाचावे.

काल, बुधवारी, तीन वाजता वीज गेली. बाहेर पंचेचाळीस. पंखा थांबला आणि त्या शांततेत लिफ्टची घरघर ऐकू आली. लिफ्ट चालते आहे, म्हणजे कपाट चालते आहे. माझे पाय गार पडले. तुझी आई वर्तमानपत्राने वारा घेत होती.

"शुभदा," मी म्हणालो, "माझी चूक झाली आहे."

तिचा हात थांबला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने ऐकले नव्हते. एरवी ती थट्टा केल्याशिवाय राहिली नसती. "कसली?" म्हणाली. मी सांगितले. माझे पाचवे वाक्य होण्याआधी तिने तुला फोन लावला होता.

तू दुसऱ्या घंटेला उचललास. तिने दोन वाक्यांत सांगितले. तुझे उत्तर मला अक्षरशः पाठ आहे: "बाबांना सांग, मेन पाडा, मग फळ्या काढा. आत्ता. वाद नंतर." आणि फोन बंद.

लिफ्टने जायचे नाही एवढे सुचले. पाच मजले उतरलो. आईने प्रसन्नला फोन केला होता. तो घरूनच ऑफिसचे काम करतो, कानातले इअरफोन तसेच ठेवून धावत आला. किल्ली त्याच्याकडे. त्याने खोली उघडून मेन स्विच पाडला आणि "बाप रे" म्हणत उलट्या पावली बाहेर आला. पलीकडे मी आणि गार्ड फळ्यांना भिडलो.

गार्ड म्हणाला, "बाबूजी, ये दीवार तो जाड़े में हमारा हीटर थी. सब यहीं टिककर बैठते थे."

"तुमने बताया क्यों नहीं?"

"इसमें बताना क्या था? आपने ही तो बोला था, यहाँ सामान अच्छा रहेगा."

पहिली फळी सरकवली तेव्हा मागच्या बाजूला मुलांनी चिकटवलेल्या सोनेरी चंद्रकोरी जागेवर नव्हत्या. डिंकाच्या कांड्या वितळवून त्या लावल्या होत्या. तो डिंक पुन्हा पातळ होऊन ओघळला होता आणि चंद्रकोरी त्याच्यासोबत घसरत तळाशी गोळा झाल्या होत्या. झेंडूच्या माळांचा एकच केशरी गोळा झाला होता. मी बुजवलेल्या फटीतला पडदा ओढला, तर त्यावर जाळीचे चौकोन उमटलेले होते, पिवळट तपकिरी. कापड पेटले नव्हते.

मग वास आला. गोडसर.

"ये बास तो तीन-चार दिन से है," गार्ड म्हणाला. "हम समझे गणपतिजी के सामान में परसाद रह गया है कुछ."

प्रसन्नने ते ऐकून तुला फोन लावला. 'गोड वास' एवढे शब्द ऐकताच तू काय ओरडलीस हे तुला माहीत आहे. अग्निशमन दलाला बोलावले. लिफ्ट बंद, म्हणून चार इमारतींतले म्हातारे लोक जिन्यांवरून उतरवले, काहींना खुर्चीसकट. सगळी सोसायटी त्या उन्हात बागेत आणि कुंपणाच्या सावलीत बसली होती. दलाच्या माणसांनी रात्री आठपर्यंत कोणाला आत जाऊ दिले नाही. बॅटरीचे दोन खण फुगले होते; तो गोड वास त्यांतून गळणाऱ्या ज्वलनशील रसायनाचा होता. त्यांच्या अधिकाऱ्याने मला विचारले, ही फळ्यांची गोष्ट कळली कशी? मी म्हणालो, गणिताने. तो हसला, त्याला वाटले म्हातारा भेदरला आहे.

प्रसन्न हसला नाही. त्याची बायको क्षिप्रा आठव्या महिन्यात आहे. ती सात मजले पायी उतरून गवतावर आडवी झाली होती आणि तो तिच्या पायांवर ओला रुमाल ठेवत होता.

"काका, हे गणित तुम्ही आज केलंत?"

"सोमवारी."

"सोमवारी." त्याने रुमाल पिळला. "आज बुधवार आहे, काका."

त्याने नंतर एकही शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते.

सोबत दोन कागद आहेत. एक, समितीला दिलेले माझे निवेदन. त्यात तारखा आणि वार आहेत, त्या रविवारच्या संभाषणासह. तुझी सही कशी झाली हे त्यात आले आहे. तुला विचारल्याविना तुझे नाव घ्यावे लागले, कारण ते गाळले असते तर निवेदन पुन्हा छल झाले असते. दुसरा, कपाटाच्या दारावर आणि पलीकडच्या भिंतीवर लावायच्या सूचनेचा मसुदा. त्यात जाळीसमोर किती अंतर मोकळे हवे तो आकडा कोरा ठेवला आहे. मला तो काढता येईल. सॉफ्टवेअर आता येते. पण माझ्या आकड्यावर मी कोणाला झोपू देणार नाही.

तुझा,
बळवंत दाबके


१० जुलै

स्वरूपा,

तुझे पाकीट मिळाले. ते आईच्या नावे होते आणि आत तिला एक ओळही नव्हती, म्हणून ती दिवसभर रुसली. माझाच मसुदा तू परत पाठवलास. कोऱ्या जागी पेन्सिलीने 'सहाशे मिलिमीटर, आणि वरूनही मोकळे'. शेवटचे वाक्य मी असे लिहिले होते: 'सदर अट मोडल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी अट मोडणाऱ्याची राहील.' ते तू आडवी रेघ मारून खोडलेस. समासात लिहिलेस: "हे नको. जाळी का उघडी हवी ते लिहा. कारण कळलं की माणूस मोडत नाही."

मी ते वाक्य बत्तीस वर्षे निरनिराळ्या मसुद्यांत लिहीत आलो. एकदाही कोणी खोडले नव्हते. सूचना तुझ्या शब्दांत लावली आहे, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. हिंदी गार्डकडून वाचून घेतली. त्याने 'निकास' काढून 'गरम हवा निकलने का रास्ता' घातले. ते अधिक चांगले आहे.

कारखान्याने ते कपाट नेले. नव्या कपाटासोबत आलेल्या अहवालात शेवटी ते गृहीतकांचे पान आहे. मी पाने मोजून पाहिली.

अध्यक्षपद सोडले. मखर सध्या तुझ्या खोलीत आहे. आई म्हणते, पोरीची खोली की गोदाम. तू येणार असशील तर आदल्या दिवशी हलवीन. प्रसन्न जिन्यात भेटला की 'नमस्कार काका' म्हणतो आणि थांबत नाही. क्षिप्राला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. हे मला आईकडून कळले.

रोज सकाळी सात वाजता मी तळघरात जाऊन त्या भिंतीवर तळवा ठेवतो. तशी गरज नाही. खोलीत आता तापमान मोजणारे यंत्र बसवले आहे, त्याचा आकडा प्रसन्नच्या फोनवर दिसतो. पण उतार उतरताना रोज माझे पाय त्या बुधवारसारखे गार पडतात, आणि भिंतीला हात लागेपर्यंत मी श्वास सोडत नाही. ही भीती जावी असे मला वाटत नाही. ती मे महिन्यातल्या सोमवारी असायला हवी होती.

कालपासून इथे पावसाची दमट हवा आहे. आज हात लावला तर तळवा ओला झाला. नीट पाहिले: जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत भिंतीला ओल चढली आहे, तळघरातल्या इतर भिंतींसारखीच. आता तिथे पडदे ठेवले तर कुजतील.

गार्डला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "सील आ गई, बाबूजी. प्लास्टर करवा दें?"

मी म्हणालो, रहने दो.

बाबा